बोली काय ठरली होती?

पत्र:

‘ताई, मी धारूर तालुक्यातला. आई-वडिलांनी अकरा हंगाम ऊस तोडून मला मेकॅनिकल इंजिनिअर केलं. नोव्हेंबर 2021 पासून वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. रुजू झालो त्या दिवशी सांगितलं, ही कंपनी नाही, कुटुंब आहे. मी ते मनावर घेतलं. दिवाळीला सगळे गावी गेले तेव्हा मी थांबलो. आता सकाळच्या मीटिंगला साहेब रिजेक्ट झालेला पीस हातात देतात आणि मीटिंग संपेपर्यंत वीस जणांसमोर तो धरून उभं करतात. रात्री साडेअकराला ग्रुपवर मेसेज येतो. उत्तर दिलं नाही तर सकाळी टोमणा. आजी वारली तेव्हा दोन दिवस सोडलं, दहाव्याला सोडलं नाही, ऑडिट होतं म्हणून. गेल्या महिन्यात न मोजलेल्या लॉटचा रिपोर्ट भरून सही कर म्हणाले. मी नाही म्हणालो. तेव्हापासून पीस रोज माझ्याच हातात असतो. झोप लागत नाही. उद्याच राजीनामा तोंडावर फेकावा वाटतो. बाप म्हणतो, लोकाच्या लेकरांना मिळंना अन् तू लागलेली सोडाया निघाला. मी कमजोर आहे का? मला अरे-तुरेच करा, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या आहात.’

बाळा,

तुझं पत्र चार पानांचं होतं, वर निम्म्याहून कमी दिलंय. ‘टॉक्सिक’ हा शब्द तू त्यात नऊ वेळा लिहिलास. मी मोजले, जुनी खोड आहे. त्या एका शब्दाच्या पोत्यात तू तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्यास, म्हणून ते पोतं तुला उचलेना झालंय. एक साहेबाची जीभ, दुसरे तुझे तास, आणि तिसरा तो रिपोर्ट. रिपोर्टाचं तू दोन ओळींत उरकलंस आणि जिभेवर अडीच पानं लिहिलीस. मी उलट करणार आहे.

न मोजलेल्या लॉटची मापं बसल्या जागी भरायची आणि खाली सही ठोकायची, हे काही तुझ्याच कंपनीत घडत नाही. गाडी भरून गेटवर उभी असते, ग्राहकाकडे लाइन बंद पडायची वेळ आलेली असते आणि माप घ्यायचा व्हर्निअर कपाटात असतो. असे रिपोर्ट मी पाहिलेत. पन्नास पीसचं माप ओळीनं 24.99, 25.00, 24.99, 25.01 असं सुबक येतं. खरी मापं एवढी शहाण्यासारखी वागत नाहीत, आणि हे ग्राहकाच्या ऑडिटरलाही कळतं. कळलं की पहिला प्रश्न काय येतो, ठाऊक आहे? ‘सही कोणाची?’ तेव्हा साहेबानं तोंडी काय सांगितलं होतं ते कोणी विचारत नाही. खोटी नोंद केली म्हणून माणसाला घरी पाठवता येतं, आणि गैरवर्तनावरून काढलेल्या माणसाची ग्रॅच्युइटी काही प्रसंगी रोखायची सोयही कायद्यात आहे. तू सही केली नाहीस. त्यापायी रोज पीस धरून उभा राहतोयस हे खरं, पण केली असतीस तर यापेक्षा वाईट जागी उभा असतास.

पुढच्या वेळी मात्र नुसतं तोंडी ‘नाही’ म्हणू नकोस. तोंडी ‘नाही’ला उद्धटपणा म्हणता येतं. जागेवर येऊन ऑफिसच्या मेलवरून दोन ओळी लिही: ‘सर, आपण सकाळी सांगितलेल्या लॉटचं मोजमाप अजून झालेलं नाही. दोन तासांत मोजून रिपोर्ट देतो, चालेल का?’ बस. आरोप नाही, तक्रार नाही, कायद्याचं कलम नाही. गंमत बघ, ‘नको, न मोजताच भर’ असं उत्तर मेलवर कोणी लिहीत नाही. घरी एक साधी वहीही ठेव. तारीख, वेळ, काय झालं, समोर कोण होतं. मतं लिहू नकोस, घडलं तेवढंच. आणि एक चूक करू नकोस, जी तुझ्या वयाची हुशार पोरं हमखास करतात: कंपनीची ड्रॉइंगं, ग्राहकाचे रिपोर्ट पुरावा म्हणून स्वतःच्या जीमेलवर पाठवायचे नाहीत. मग गुन्हेगार तूच ठरतोस आणि मूळ गोष्ट बाजूला राहते.

‘एचआरकडे जाऊ का?’ असं तू विचारलंयस. त्यावर कबुलीच द्यावी लागेल.

मी 1989 पासून पंचवीस वर्षं चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात होते. पुढे दारावरची पाटी बदलून एचआर झाली, टेबल तेच राहिलं. 1998 च्या उन्हाळ्यात स्टोअरमधला एक माणूस माझ्याकडे आला. बाई आपल्या परभणीकडची आहे, ऐकेल, असं त्याला वाटलं असावं. ओव्हरटाइमचे तास लिहिले जातात एक आणि मिळतात एक, असं त्याचं म्हणणं होतं. मी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि तो गेल्यावर नेहमीसारखी तीन ओळींची नोंद करून फाइल वरच्या साहेबांकडे पाठवली. नोंद खरी होती, भाषा सभ्य होती. पंधरा दिवसांत त्याला कायमची तिसरी पाळी लागली. त्याच्या बायकोला तेव्हा आठवा महिना होता. मला ते माहीत होतं. नोंदीत लिहिलं नव्हतं, कारण त्याला रकाना नव्हता.

बऱ्याच वर्षांनी तो मला शहागंजात भेटला. मीच विषय काढला. म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही तुमचं काम केलं.’ शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणून सांगते, एचआरमधली माणसं वाईट नसतात, पण त्यांचा पगार कंपनी देते. त्यांच्याकडे मन मोकळं करायला जाऊ नकोस. गेलास तर लेखी जा, आणि जे लिहिशील ते तुझ्या साहेबाच्या टेबलावर पोचणार हे धरूनच लिही.

आता कुटुंबाचं. तुझ्या पत्रात खरी दुखरी जागा ही आहे, पीस धरून उभं राहण्याची नाही. अपमान तू एक वेळ गिळला असतास. आपल्याकडं शेतावर, ऊसतोडीच्या कोपीवर, शाळेत, कुठं बोलून घेतलं नाही आपण? तुला लागलंय ते दहाव्याचं. पिंड ठेवलेले, नातू वाळूजला ऑडिटमध्ये, आणि तिकडे कावळा शिवेना. तू लिहिलंस, ‘बापानं फोनवर सांगितलं, तुझं नाव घेतलं तेव्हा शिवला.’ ही ओळ वाचून मी पत्र बाजूला ठेवलं.

पण मला सांग, कुटुंब म्हणून रुजू करून घेणाऱ्यांनी त्याच दिवशी तुझ्याकडून नेमणूकपत्रावर सही घेतली ना? त्यात दोन महिन्यांची नोटीस, बदलीची अट, प्रोबेशन, सगळं होतं ना? घरात कोणी अशी सही घेतं का? त्यांनी एका हातानं करार केला आणि दुसऱ्या हातानं पाठीवरून फिरवला. तू पाठीवरचा हात लक्षात ठेवलास आणि कागद ट्रंकेत टाकलास.

आपल्याकडच्या जुन्या बागाईतदारांचं बरंच काही वाईट होतं, पण सालगड्याची बोली ते स्वच्छ करायचे. पाडव्याला साल ठरायचं. रोख किती, ज्वारीची पोती किती, कापडं, पायात वहाणा, सणाला कोणते दिवस घरी. चार माणसांसमोर. पुढच्या पाडव्याला पटलं तर नवी बोली, नाही पटलं तर गडी दुसऱ्या वाड्यावर. मालकानं जाच केला नाही असं मी म्हणत नाही, जाच भरपूर होता. पण ‘तू माझा मुलगाच आहेस’ असं सांगून कोणी पोती कमी केली नाहीत. निदान सगळ्यांनी नाही. तुझी बोली काय ठरली होती, ते ट्रंकेतून काढून आज वाच. रजा किती, नोटीस किती, पदाचं नाव काय, फिक्स्ड टर्म म्हणजे ठरावीक मुदतीचा आहेस की कायम. हा कागद तू रुजू झाल्यापासून उघडला नसशील, यावर मी पैज लावते.

पदाचा विषय निघालाच आहे तर, गेल्या वर्षी तुला ‘असिस्टंट मॅनेजर’ केलं आणि पगार नऊशे रुपयांनी वाढला असं तू थोड्या अभिमानानं लिहिलंयस. अभिमान राहू दे, पण त्याची दुसरी बाजूही बघ. कारखान्यात आठवड्याला 48 तास आणि त्यावरच्या तासाला दुप्पट दर, हे 1948 च्या कारखाने कायद्यात होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्येही राहिलंय. देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या जागांना मात्र त्यातून बाहेर ठेवता येतं. म्हणून एका नव्या व्हिजिटिंग कार्डावर बारा तास मिळतात. न्यायालयं पदाच्या नावाला भुलत नाहीत, प्रत्यक्ष काम काय ते बघतात. दिवसभर तूच व्हर्निअर धरून मापं घेत असशील आणि तुझ्या हाताखाली कोणी नसेल, तर कार्डावर काहीही छापलेलं असो. हे तुला भांडायला सांगत नाहीये. पुढच्या कंपनीत पद विचारण्याआधी तास विचार, एवढंच.

तुझे साहेब मीटिंगमध्ये नारायण मूर्तींच्या 70 तासांचा दाखला देतात. मूर्ती ते ऑक्टोबर 2023 मध्ये बोलले, जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं 90 तासांचं बोलणं गाजलं. मोठ्यांनी बोलावं. त्यांच्या कंपन्यांत त्यांचा वाटा असतो, तुझ्या वाट्याला कॅलिब्रेशनचं रजिस्टर आहे.

साहेबाच्या जिभेबद्दल थोडकंच. त्याच्या मानेवर ग्राहक बसलाय, एक लॉट परत आला की डेबिट नोट, म्हणजे नुकसानीचं बिल, येते आणि ती त्याच्या नावानं येते. तो घाबरलेला माणूस आहे, हे मी अशी माणसं पंचवीस वर्षं बघितल्यामुळं सांगू शकते. समजून घे, पण म्हणून माफ करायलाच हवं असं नाही. शॉपफ्लोअरवर आवाज चढतो, तो वेगळा. कामावरून बोलणं आणि माणसाला खांबासारखं उभं करणं यात फरक आहे. पुढच्या वेळी पीस हातात दिला की बघून घे, शेजारच्या टेबलावर ठेव आणि म्हण, ‘सर, कारण शोधून दुपारपर्यंत सांगतो.’ हात मोकळे कर. कदाचित पुन्हा उचलून देतील. पुन्हा ठेव. आवाज चढवू नकोस.

आणि रात्री साडेअकराचे मेसेज? ग्रुप म्यूट कर. यंत्र खरंच बंद पडलं तर माणूस फोन करतो.

आता राजीनामा. फेकू नकोस. नीट दे, पण आधी तीन आकडे मांड.

पहिला आकडा, तुझी उचल. तुझ्या घरात या शब्दाचा अर्थ मी सांगायला नको. मुकादमानं हंगामाआधी आगाऊ दिलेली उचल अंगावर असेपर्यंत टोळी सोडून जाता येत नाही, हे तू पाळण्यात असल्यापासून बघितलंयस. बहिणीच्या लग्नाचं पर्सनल लोन, शिल्लक 1,40,000, महिन्याचा हप्ता 7,400, ही तुझी उचल. गाडीचा हप्ता वेगळा. साहेबाला हा आकडा माहीत नसला तरी तुला हप्ता आहे हे त्याच्या कानावर आहेच, चहाच्या टपरीवर तूच सांगितलं असशील. ज्याला हप्ता असतो त्याच्याच हातात पीस देतात. निदान तीन महिन्यांचे हप्ते, खोलीभाडं आणि घरी पाठवायचे आठ हजार, एवढे बाजूला पडेपर्यंत नवी नोकरी हातात नसताना सही करू नकोस.

दुसरा, ग्रॅच्युइटी. कायम नोकराला पाच वर्षांनी हक्क येतो. तुझं मूळ वेतन 18,000 धरलं तर 18,000 गुणिले 15, भागिले 26, गुणिले पाच: साधारण 51,900 रुपये. पाच वर्षं तुझी नोव्हेंबर 2026 ला भरतात. काही न्यायालयांनी पाचव्या वर्षात 240 दिवस भरले तरी पुरे म्हटलंय, पण कंपन्या त्यावर वाद घालतात, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नकोस. नोटिशीचे दोन महिने नोकरीतच मोजले जातात, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी दिलेला राजीनामाही चालतो. कागदावर ‘फिक्स्ड टर्म’ लिहिलेलं निघालं तर गणित बदलतं, नव्या संहितेत त्यांना एका वर्षानंतर हक्क दिलाय. पण बावन्न हजारांसाठी आठ-नऊ महिने जीव जाळायचा का? झोप परत आली तर थांब. नाही आली तर बावन्न हजार गेले म्हण. माझ्या मते तेवढी किंमत झोपेला आहे.

तिसरा, पीएफ. आजच यूएएननं, म्हणजे तुझ्या पीएफ खात्याच्या नंबरानं, पासबुक उघडून बघ की कापलेले पैसे दर महिन्याला भरले जाताहेत का. नोकरी बदलताना पीएफ काढू नकोस, ट्रान्स्फर कर. पाच वर्षांच्या आत काढलास तर त्यावर कर लागतो, आणि पेन्शनसाठी दहा वर्षं मोजावी लागतात, ती तुटतात.

जाताना ‘गायब’ होऊ नकोस. मोबाइल बंद करून धारूरला जाऊन बसलेली मुलं मी पाहिलीत. रिलिव्हिंग लेटरसाठी वर्षभर गेटवर चकरा मारतात. राजीनामा मेलवर द्यायचा, पोच घ्यायची, कारणाच्या जागी ‘वैयक्तिक’ लिहायचं. नव्या वेतन संहितेप्रमाणं पगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता व्हायला हवा आणि ग्रॅच्युइटी तीस दिवसांत. ‘हवा’ हा शब्द मी मुद्दाम वापरलाय. मागे लागावं लागतं.

कुठे जाशील? पुणं-चाकण म्हणजे स्वर्ग असं मनात धरू नकोस. तुझा साहेब तिथंही असतो, फक्त भाडं दुप्पट असतं. इथंच शेंद्रा-बिडकीनला औरिक या नव्या औद्योगिक वसाहतीमध्ये टोयोटा किर्लोस्कर आणि एथरनं प्रकल्प जाहीर केलेत, त्यांच्या मागं सुटे भागवाले येतातच. 1985 ला बजाज वाळूजला आली तेव्हा असंच झालं होतं. तेव्हा गावाकडच्या पोराला कंपनीत चिकटणं म्हणजे पंढरी भेटली असं वाटायचं, आणि तुझ्या बापाच्या मनात कंपनीची जी मूर्ती आहे ती त्या काळातली आहे. इंटरव्ह्यूला गेलास की संध्याकाळी सहाला गेटबाहेर उभा राहा आणि सुटणाऱ्या माणसांचे चेहरे बघ. मालकाशी बोलण्यापेक्षा ते जास्त सांगतात. सहाला कोणी बाहेरच आलं नाही, तर तेही उत्तरच.

कमजोर आहेस का, हे शेवटी विचारलंस. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये आपल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद केली, ती माणसातला आजार म्हणून नाही, कामाच्या जागी न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. म्हणजे प्रश्न जागेचाही आहे. पण झोप तीन आठवडे नाही, जेवण जात नाही, ड्युटीच्या आदल्या संध्याकाळी पोटात गोळा येतो, हे मित्राशी बोलून भागणारं नाही. घाटीत, आपल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढ आणि दाखव. जायची लाज वाटत असेल तर आधी 14416 वर फोन कर. टेली-मानस आहे ती, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. 2024 च्या जुलैत पुण्यात एका बड्या अकाउंटिंग फर्ममधली सव्वीस वर्षांची मुलगी गेली, रुजू होऊन चार महिने झाले होते. कामाच्या बोज्याबद्दल तिच्या आईनं लिहिलेलं पत्र तूही वाचलंस असं म्हणतोस. तुझ्या आईला तसं काही लिहावं लागू नये. हे मी ताई म्हणून नाही, आईच्या वयाची म्हणून सांगतेय.

राहिला बाप. त्याला टॉक्सिक वगैरे सांगू नकोस, मॅनेजर शिव्या देतो हेही नको. ज्यानं उसाच्या फडात मुकादमाचं ऐकलंय त्याला ते पोचणार नाही, उलट तो गप्प बसेल आणि तुला अपराधी वाटेल. पाडवा 19 मार्चला आहे. रजा आजच लेखी माग, पुन्हा ऑडिट निघायच्या आत. घरी गेलास की सकाळी गुढी उभी झाल्यावर त्याच्याशी त्याच्या भाषेत बोल: ‘बाबा, उचल एवढी राहिली. नोव्हेंबरात पट्टा पडतो, हंगाम संपतो. पुढची बोली दुसरीकडं करतोय, बघून-सवरून करतोय.’ उचल फेडून आणि हंगाम पुरा करून टोळी बदलणाऱ्याला तुझा बाप पळपुटा म्हणणार नाही. दोनदा तरी त्यानं स्वतः बदलली असेल. विचार त्याला.

आणि रिपोर्टाबद्दलचा तो मेल वेळ आली तर ड्युटीवर असताना कर, सकाळी दहा-अकराला. रात्री साडेअकराला नको. ती सवय तुझ्या साहेबाकडेच राहू दे.

— ताई